वधूचे भाभा

संगणकावरच्या त्या टाइपाच्या, म्हणजे फॉन्टच्या, मी अक्षरशः प्रेमात पडले होते. जुन्या छापखान्यातला थाट, उभ्या रेघा भरदार, बाकीच्या केसासारख्या बारीक, आणि प्रत्येक टोकाला एक कुरळी शेपटी! कुडाळात घरीच मी संगणकावर लेबलं, फलक करून देते. काजूची पाकिटं म्हणू नका, कोकम सरबताच्या बाटल्या म्हणू नका, दिसेल तिथे मी तो लावत सुटले. देवबागच्या एका होमस्टेच्या फलकावर तर हातभर अक्षरं होती. पाहुणे समुद्र सोडून त्या फलकापुढे फोटो काढायचे.

मग माझंच लग्न ठरलं. आता आवर कुठला! सबंध पत्रिका त्याच टाइपात केली, अगदी बारीकसारीक मजकुरासकट. आईने कागद दूर धरला, जवळ धरला. "गो, ह्यां वाचूक येना नाय."

"आये, पत्रिका कोण वाचता? बघतत नुसती," असं ऐटीत सांगून मी तीनशे प्रती छापून मोकळी झाले.

चार दिवसांनी दोडामार्गाहून मामाचा फोन आला. मामा म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. आता काजूची बाग बघतो, आणि रुसण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. "पत्रिका गावली. पण वधूचो हो भाभा कोण गो?"

मी पत्रिका डोळ्यांशी नेली. मोठ्या अक्षरात लाडिक दिसणाऱ्या त्या शेपटीने बारीक मजकुरात म च्या डोक्यावरची रेघ तोडून त्याचा चक्क भ केला होता. भंडप! भुहूर्त! आणि वर मधोमध, शुभभंगल! मी फोनवरच खिदळले. पलीकडून फोन बंद झाला.

त्यानंतर मामा फोनच उचलेना. "मामा नाय इलो तर तुका बोहल्यार कोण व्हरतलो?" आई रडवेली झाली. मलाही दुसरं कोणी नकोच होतं. लहानपणी पाटीवर त्यानेच मला म गिरवायला लावला होता. पुस्तकातली मगर त्याला पसंत नव्हती, म मामाचा असंच शिकवलं त्याने. आणि मी त्याच अक्षराची ही दशा केली! फार लाज वाटली. दुरेघी वहीच्या पानावर मी वीस वेळा 'मामा' लिहिलं, शेपटीबिपटी काही नाही, डोक्यावर सरळ रेघ, आणि पान पोस्टाने धाडलं. उत्तर आलं नाही.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला. "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं," भटजींनी पुकारलं. मी दाराकडे मान वळवली.

"मामा नाय, भाभा इलो!" दारातून आवाज आला.

घामाघूम, फेटा तिरका. त्याने खिशातून माझंच पान काढून हातात दिलं. लाल पेनाने प्रत्येक 'मामा'वर बरोबरची खूण होती. खाली शेरा होता, 'अक्षर सुवाच्य. शेवटच्या ओळीत घाई.' त्याखाली सही, भाभा. आणि बघते तर काय, मास्तरांनी त्या भ ला हुबेहूब माझ्या टाइपातली कुरळी शेपटी काढली होती!

माझे डोळे भरले आणि हसूही फुटलं, मुंडावळ्या गदगदा हलायला लागल्या.

"मगे हास, आदी चल," म्हणत मामाने माझा दंड धरला.