दिव्याचं तोंड कुणीकडे

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. त्यामुळे दिव्यातलं मला कोणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जी काही शोभा झाली ती या शहाणपणामुळेच झाली.

मी मूळचा मिरजेचा. बदली होऊन मद्रासला आलो, इथेच तंजावरकडच्या एका मराठी घरातली मुलगी सांगून आली आणि मी इथलाच होऊन बसलो. निवृत्त व्हायच्या आधी अड्यारला एका शांत गल्लीत तळमजल्याचं लहानसं घर घेतलं. बायकोचं मराठी ऐकून माझे मिरजेचे भाऊ अजून गालातल्या गालात हसतात. हेल सगळा तमिळ, आणि दर चार शब्दांनी एक ‘अय्यो’. हसेनात का. या गावात माझा संसार उभा केला तो तिनं, मी फक्त पगार आणून देत होतो.

तिचा एक नेम होता. पहाटे पाचला उठायचं, फाटकाबाहेरची जागा झाडायची, सडा घालायचा आणि तांदळाच्या पिठाचा कोलम काढायचा. मी त्याला रांगोळी म्हणायचो आणि ती दर वेळी चिडायची. “रांगोळी तुमच्या गावाकडे. हे कोलम.” आधी ठिपके मांडायचे, मग त्यांच्याभोवती एकच रेघ न तुटता फिरवत न्यायची. मार्गळी महिना, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस, हा तर कोलमचा हंगामच. गल्लीतल्या सगळ्या बायका अंधार असतानाच बाहेर पडायच्या. आमच्या दारचा कोलम रस्त्याच्या मध्यापर्यंत पसरायचा आणि स्कूटरवाले मुकाट्यानं वळसा घालून जायचे. त्या महिनाभर ती अशी खुशीत असायची की मला सकाळी दोनदा कॉफी मिळायची.

त्या वर्षी दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पहाटे ती वाकून ठिपके मांडत होती. मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्यानं तिच्या गळ्यात हात घातला आणि साखळी ओढून नेली. ती तोंडावर आपटली. आरडाओरडा ऐकून मी बनियनवर धावत बाहेर गेलो, तेव्हा ती पिठाच्या डब्याशेजारी बसली होती. कोपर सोललेलं, मानेवर लाल वळ. आणि मी काय बोललो? “अंधारात साखळी घालून बसायला कोणी सांगितलं होतं तुला?” आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पोलिसांत तक्रार दिली. साखळी गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी ती बाहेर गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी पुढच्या गल्लीतल्या एक मामी आल्या. देवळात जाता-येता आमच्या दारचा कोलम बघून जायचा त्यांचा परिपाठ. त्या चपला बाहेर काढून हळूच आत आल्या आणि माझ्याकडे न बघता अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “घरात कोण गेलं?” इकडे दारात कोलम नसणं म्हणजे सुतकाची खूण. “सगळे ठणठणीत आहोत, मामी,” असं मी त्यांना माझ्या मिरजी तमिळमध्ये सांगितलं. त्या ओशाळल्या. बायको मात्र स्वयंपाकघरात पदर डोळ्यांना लावून उभी होती.

मग कामवाली सात वाजता येऊन चार रेघा ओढायला लागली. बायको तिकडे बघायचीसुद्धा नाही. मार्गळीला महिनाभर उरला होता. मी हळूच विषय काढला. “यंदा नको,” ती म्हणाली. मी म्हटलं, साखळी घालू नकोस म्हणजे झालं. “साखळीचं कोण बोलतंय? वाकलं की पाठ रस्त्याकडे होते. पाठीला डोळे नाहीत मला.”

हात्तिच्या, एवढंच ना, म्हटलं मी. दिवा लावू. साधासुधा नाही, माणूस जवळ आला की आपोआप लागणारा. असले सेन्सरचे दिवे तेव्हा बाजारात नवेच दिसायला लागले होते. मी बस पकडून जॉर्ज टाउनला गेलो आणि विजेच्या सामानाचं एक जुनं दुकान गाठलं. दुकानदार म्हातारा, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं सावकाश. त्यानं तीन-चार प्रकार काउंटरवर मांडले आणि चौकशी सुरू केली. कुठे लावणार? किती उंचीवर? समोर झाड आहे का? मांजर? कोणावर नजर ठेवायची आहे? वर माहितीही द्यायला लागला. हा डोळा उजेड बघत नाही, अंगाची ऊब बघतो. मे महिन्यात भिंत आणि माणूस सारखेच तापलेले असतात, तेव्हा याला माणूस उशिरा कळतो. सरळ अंगावर चालून येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा याला लवकर दिसतो.

मी म्हटलं, बाबा रे, मी तीस वर्षं सिग्नल सांभाळलेत. मला सगळ्यात मोठा दे.

त्यानं पाचशे वॅटचा हॅलोजन बांधून दिला. मी स्वतः शिडीवर चढून तो फाटकाच्या कमानीवर बसवला, तोंड बरोबर कोलमच्या जागेवर. त्या संध्याकाळपासून आमच्या घरी नुसती जत्रा. मांजर गेलं, दिवा लागला. नारळाची झावळी हलली, दिवा लागला. उजेडाला किडे आले, किड्यांना खायला पाल आली, पाल सेन्सरच्या डोळ्यावरून फिरायला लागली आणि दिवा लागतोय-विझतोय, लागतोय-विझतोय. शेजारच्यांनी विचारलं, घरात लग्न आहे का? तरी मी तोऱ्यातच होतो.

माझ्या आग्रहाखातर बायको एकदा पहाटे बाहेर आली. मी खिडकीतून बघत होतो. ती बसली, दहा-बारा ठिपके मांडले आणि दिवा विझला. ठिपके मांडताना हलतात ती बोटं, तेवढ्यानं त्या यंत्राला काय कळणार? तिनं हात हलवला, दिवा लागला. पुन्हा विझला, पुन्हा हात. आरती ओवाळल्यासारखं तिचं चाललं होतं. पाच मिनिटांत ती डबा उचलून आत आली.

माझा पारा चढला. “अगं, दिवसासारखा उजेड पाडलाय! आता कसली भीती?”

“उजेड कोणावर पाडलाय?” तिनं विचारलं. “माझ्यावर. मी दिसते सगळ्या गल्लीला. मला समोर काळंकुट्ट. कोणी आलं तर मला दिसणार आहे का?” आणि मग तिनं माझ्या वर्मावर बोट ठेवलं. “तुम्ही एवढे सिग्नल लावलेत. सिग्नल कोणाला दाखवायचा असतो? येणाऱ्या गाडीला का स्टेशनात बसलेल्या मास्तरला?”

चूक कळली की मी जरा जास्तच जोरात खोकतो, तसा खोकलो.

दुसऱ्या दिवशी तिला सोबत घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं हॅलोजन परत घेतला आणि माझ्याकडे बघून फक्त हसला. ते हसणं मी गिळलं. या वेळी बोलणं सगळं तिनंच केलं, फर्ड्या तमिळमध्ये. सेन्सर मान वळवता येईल असा हवा. लागलेला दिवा किती वेळ राहावा ते आपल्याला ठरवता आलं पाहिजे. उजेड डोळ्यांत भसकन जाणारा नको. असे दोन लहान दिवे तिनं निवडले, एक गल्लीच्या तोंडाकडे, एक दुसऱ्या टोकाकडे. “आणि मला बसायला एक साधा दिवा,” ती म्हणाली. “तो आपला जळत राहू दे. मला हात हलवायला लावू नको.” दुकानदार मान डोलावत होता. मी पिशवी धरून उभा होतो.

संध्याकाळी अंधार पडल्यावर कुंपणाच्या दोन कोपऱ्यांवर ते दिवे बसवले आणि मग खरी परीक्षा. ती कोलमच्या जागी पाठमोरी वाकून बसली आणि मी मोटारसायकलवाला झालो. गल्लीच्या तोंडापासून चालत यायचं, दिवा लागला की थांबायचं. पहिल्यांदा मी तिच्या अगदी जवळ पोचलो तेव्हा दिवा लागला. “उशीर झाला,” ती ओरडली. शिडीवर चढून मान फिरवली. पुन्हा चालत आलो. “अजून उशीर.” चार वेळा, पाच वेळा. म्हाताऱ्यानं सांगितलेलं आठवलं, सरळ येणारा याला लवकर दिसत नाही. मग सेन्सर जरा तिरका केला, येणारा त्याच्या नजरेसमोरून आडवा जाईल असा. समोरच्या घरातली मंडळी गच्चीवरून फुकटचा तमाशा बघत होती. बघू देत.

शेवटी ती उठली, गल्लीत बरीच पुढे चालत गेली आणि वाकून पिठाची एक चिमूट रस्त्यावर टाकली. “इथे आला की लागला पाहिजे. इथून गाडी माझ्यापर्यंत येईतो मी उठून फाटकाच्या आत जाते आणि कडी लावते.”

“तुला कसं कळलं?”

“रोज मोजत होते. खिडकीत बसून.”

मी समजत होतो की ती रुसलीय, घाबरून घरात दडून बसलीय. ती इतके दिवस खिडकीत बसून जाणाऱ्या एकेका गाडीचा वेग बघत होती आणि मनातल्या मनात उठून पळत होती. त्या पिठाच्या चिमटीवर दिवा बरोबर लागेपर्यंत आणखी सात वेळा शिडी चढलो. गुडघे दोन दिवस ठणकत होते.

मार्गळीच्या पहिल्या दिवशी साडेचारला ती उठली. मीही उठलो. मफलर गुंडाळला, माकडटोपी घातली (मद्रासच्या थंडीत माकडटोपी घालणाऱ्याला मी पूर्वी हसायचो) आणि फाटकात पहारा द्यायला उभा राहिलो. ती बसली. पहिली ओळ वाकडीच आली. गल्लीच्या तोंडाकडचा दिवा लागला, तशी ती ताडकन उभी राहिली. पेपरवाला होता. सायकल हळू करून त्यानं वणक्कम केला. ती बसली. त्या दिवशी कोलम लहान झाला, पण झाला. दुसऱ्या दिवशी जरा मोठा. मी रोज उभा राहायचो, आणि खरं सांगतो, मला ते फार आवडायला लागलं होतं. इतकी वर्षं मी झोपून असायचो तेव्हा बाहेर केवढं चालायचं! देवळातली गाणी, ओल्या रस्त्याचा वास, आणि तिची ती रेघ, कुठून निघाली आणि कुठे पोचली ते कळूच नये अशी. आपण बायकोचं रक्षण करतोय म्हणून छातीही जरा फुगली होती.

दहाव्या-अकराव्या दिवशी कोलम रस्त्याच्या मध्यापर्यंत गेला. ती शेवटची रेघ ओढत असताना दिवा लागला. मी चटकन दोन पावलं पुढे झालो. दूधवाला होता. तिनं मान वळवून त्याला बघितलं आणि हात न थांबवता रेघ पुढे नेली.

“अहो,” वर न बघता ती म्हणाली, “उद्यापासून तुम्ही उठू नका.”

“छे छे, मला कसला त्रास? उलट बरं वाटतं.”

“तुम्हाला वाटतं. तुम्ही असे उभे राहिलात की मला ते सगळं आठवतं. दिवा लागतो, कोण आलं ते मी बघते, आणि विसरते.”

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला, इतका की तिच्यासमोर उभं राहवेना. मी बरं म्हणालो आणि तिला एकटीला बाहेर ठेवून आत गेलो.