पहिल्या पंगतीचा पाहुणा

आंबवड्याच्या आनंदरावांना म्हातारपणी लग्नाच्या जेवणाची चटक लागली आहे, ही बातमी भोरच्या एसटी स्टँडपासून वेल्ह्याच्या बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. ओळख ना पाळख, आमंत्रण ना निरोप, तरी धुतलेला सदरा चढवून आनंदराव कुणाच्याही मांडवात हजर. अक्षता पडायच्या आत पोचायचं, पहिल्या पंगतीत मोक्याची जागा धरायची, पान चाटूनपुसून स्वच्छ करायचं आणि गुपचूप निघायचं. ही बातमी गावातल्या धनाजीच्या गिरणीत दळली जाई. दळण होईपर्यंत माणसानं बसून करायचं काय, म्हणून धनाजी गिऱ्हाइकाला आनंदरावांची ताजी खबर पुरवी. पीठ घरी पोचायच्या आधी खबर पोचलेली असे.

बातमी तशी खोटी नव्हती, फक्त अर्धी होती. आनंदराव जात ते अशाच लग्नांना, जिथं चुलाणावरच्या पातेल्यापुढं त्यांच्या हाताखाली शिकलेलं कुणीतरी उभं असे. त्यांचा सारा जन्म आचारीपणात गेला. पुढं गुडघे बोलायला लागले, धुरानं डोळे पाणावायला लागले, तेव्हा त्यांनी झारा खाली ठेवला आणि शिकवण्याचं खूळ डोक्यात घेतलं. शिकायला कुणी दारात येईना, म्हणून हेच लोकांच्या दारात जायला लागले. कंपनीतून घरी बसलेला बंडू त्यांनी असाच गाठला आणि पुऱ्या तळायला उभा केला. बंडूचा आता नसरापुरात स्वतःचा टेम्पो आहे, त्यावर केटरर्स असं लिहिलंय, आणि आनंदराव रस्त्यात दिसले की तो गाडी थांबवून खाली उतरतो.

आपण शिकवलेल्या माणसाचं काम बघायचं तर पातेल्याजवळ जायचं नाही, पंगतीत बसायचं, असा त्यांचा नेम. पातेल्याजवळ गेलं की लोक म्हणणार, म्हातारा मागं उभा होता म्हणून निभावलं. पंगतीत बसलेल्या म्हाताऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. फार तर हावरट म्हणतात.

"म्हनू द्या की," आनंदराव बायकोला सांगत. "हावरट म्हनल्यानं मानूस बारीक व्हत न्हाई."

"तुमी न्हाई व्हनार," रतनबाई म्हणत. "मला गिरनीत जायाची लाज वाटती. ह्या महिन्याला दळान सारोळ्याला धाडू का?"

या सगळ्यात सारिकाची गोष्ट जरा अवघड होती. सारिका वेल्ह्याची. नवरा टेम्पोवर, घरी सासू भामाबाई, आणि दारात चार बाकडी. तोरणा चढायला आलेल्या शहरी पोरांना ती पिठलं-भाकरी करून घाली. आनंदराव एकदा एका नातलगाच्या कामासाठी वेल्ह्याच्या तहसीलला गेले होते. साहेब जेवायला गेले, म्हणून हेही जेवायला बसले. पिठल्याचा पहिला घास घेतला आणि हात थांबला.

"हे कुनी केलं?"

"म्या केलं. का वो, खारट झालं?"

"न्हाई. पाच जनांचं जमतं तुला. पाचशेंचं करशील का?"

सारिकाला वाटलं, म्हातारा पैसे बुडवायच्या बेतात आहे, म्हणून गोड बोलतोय. पण पुढच्या आठवड्यात आनंदराव पुन्हा आले. त्याच्याही पुढच्या आठवड्यात आले. आंबवड्याहून भोर, भोरहून नसरापूर, नसरापूरहून वेल्हं, अशा गाड्या बदलत यायचे आणि अंगणात वीट मांडून चुलाण कसं रचायचं ते दाखवायचे. त्यांचे धडे थोडे आणि तेच तेच. देवाला नैवेद्य जायच्या आत चव घ्यायची नाही, अन्न उष्टं होतं; म्हणून मीठ हाताच्या अंदाजानं पडलं पाहिजे. मीठ घालणारा हात एकच असला पाहिजे. आणि बिनमिठाची शिजलेली डाळ एका पातेल्यात मागं ठेवायचीच, यजमान कितीही कुरकुरला तरी. पंगत बसली की माणसांच्या तोंडाकडं बघायचं नाही, तोंडं खोटं बोलतात, द्रोणांकडं बघायचं. ज्यानं द्रोण पालथा घातला त्याला आमटी नकोय, एवढं समजायचं.

दोन लग्नसराया ती बंडूच्या हाताखाली राबली. पण स्वतःच्या नावावर लग्न मिळेना. घरात रांधणारी बाई सगळ्यांना चालते, मांडवात चुलाणाची मालकीण म्हटलं की यजमान दुसरा आचारी बघतो. आपलं नाव मध्ये नको, म्हणून आनंदरावांनी बंडूला दारोदार सांगत फिरवलं, तेव्हा कुठं सारोळ्याचे सोनबा तयार झाले, तेही मनातून नाही. सोनबांच्या शिवानीचं लग्न, वरपक्ष नीरा नदीपलीकडचा, मानपानाला कडक. सोनबांनी सारिकाला स्वच्छ सांगितलं होतं, "बाई, मी भावकीचं न ऐकता तुला काम दिलंय. जेवनात काय कमीजास्त झालं तर माजी पोरगी जलमभर ऐकंल, आन् तुला ह्या पट्ट्यात परत कुनी मांडवात घेनार न्हाई."

लग्नाच्या दिवशी आनंदराव सकाळच्या गाडीनं निघाले, कापूरहोळला उतरून हायवेनं सारोळ्याला पोचले. मांडवात शिरताना त्यांनी चुलाणाकडं मान वळवलीसुद्धा नाही. पण नाकानं काम केलंच. फोडणी ठीक, भात ठीक, बुंदीचा पाक ठीक. अक्षता पडल्या, नैवेद्य गेला, माइकवाल्यानं पहिली पंगत बसवली. आनंदराव वरपक्षाच्या रांगेत टोकाला बसले, जिथून कापडाच्या आडोशाच्या फटीतून चुलाण दिसे, आणि चुलाणावरून ते दिसत.

वाढपी पोरं सपासप वाढत आली. पंगतीचा रिवाज असा की सगळ्यांची पानं वाढून झाली, देवाचं नाव घेतलं, की मगच घास घ्यायचा. आनंदराव हा रिवाज कधीच पाळत नसत. द्रोणात आमटी पडली की त्यांचं बोट आमटीत. शेजारच्या फेटेवाल्यानं त्यांच्याकडं बघून नाक मुरडलं. आनंदरावांनी बोट तोंडात घातलं आणि जिभेवर ठेवून बसले.

आमटीत मीठ दोनदा पडलं होतं.

खारट म्हणजे जराशी खारट नव्हे. एक घास घेऊन माणूस शेजाऱ्याकडं बघतो, तसली. त्यांनी फटीतून पाहिलं. सारिका पुऱ्यांच्या कढईपुढं होती, पण नजर पंगतीवरच. आनंदरावांनी शांतपणे द्रोण पालथा घातला. आमटी पत्रावळीवर पसरून बुंदीत शिरली. फेटेवाला म्हणाला, "पाव्हणं, सांडली की." फटीतलं सारिकाचं तोंड एकदम उतरलेलं त्यांना दिसलं. ती वळली, तिनं पळीनं आमटी हातावर घेतली, चाखली, आणि पदर खोचला.

मागं ठेवलेली डाळ होती. मिसळायला, उकळी आणायला वेळ मात्र हवा होता, आणि माइकवाल्यानं देवाचं नाव घ्यायला घसा खाकरला होता. आनंदरावांनी उठून चुलाणाकडं धाव घेतली असती तर आमटी सुधारली असती. पण मग उद्या भोर आणि वेल्हं, दोन्ही तालुके म्हणाले असते, बाईनं घाण केली आणि म्हाताऱ्यानं निस्तरली.

आनंदराव उठून उभे राहिले, पण चुलाणाकडं गेले नाहीत. दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हणाले, "आमी जेवनार न्हाई."

माइकवाल्यानं माइक खाली केला.

"का वो पाव्हणं?" सोनबा धावत आले.

"समद्यांच्या डोईवर टोपी हाय, खांद्यावर टॉवेल हाय. आमचं डोकं उघडं. आमी काय वाटंवर पडलोय का?"

आता लग्नाच्या मांडवात रुसलेल्या म्हाताऱ्याइतकी अवघड जागा दुसरी नाही. सोनबांना वाटलं, हे वरपक्षाचे कुणी थोरले असणार, वरपक्षाच्या रांगेत बसलेत. वराच्या चुलत्यांना वाटलं, हे मुलीकडचे मामा असणार, घरच्यासारखे भांडतायत. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांकडं पाहिलं, आणि विचारायची हिंमत कुणाला होईना. विचारलं तर अपमान, आणि अपमान झाला तर लग्न मोडल्यासारखं.

शेवटी फेटेवाल्यानं बारीक आवाजात विचारलंच. "पाव्हणं, तुमी नेमके कुनाकडचे?"

"हे इचारायची येळ यावी, ह्योच अपमान हाय," आनंदराव म्हणाले, आणि खाली बघून उसासा टाकला. फेटेवाला इतका वरमला की त्यानं स्वतःचा फेटा काढून त्यांच्यापुढं केला. आनंदरावांनी तो हातानं बाजूला सारला.

टोप्या संपल्या होत्या. माइकवाल्यानं जाहीर केलं, की सत्काराची एक टोपी कमी पडते आहे, ज्यांनी गडबडीत दोन घेतल्या असतील त्यांनी एक परत करावी. कुणीच हललं नाही, पण बऱ्याच जणांनी खिसे दाबून धरले. एक जण मोटारसायकल काढून हायवेच्या दुकानाकडं सुटला. आनंदराव उभेच. गुडघे ठणकत होते, पण बसलं तर रुसवा संपला असं झालं असतं. मधूनमधून ते आठवणीनं एखादं वाक्य टाकत. "मानासाठी मानूस येतो." पुन्हा थोड्या वेळानं, "जेवन काय, घरी बी असतं." आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून फटीकडं बघत.

आडोशामागं काय चाललं होतं ते पंगतीला कळलं नाही. सारिकानं मोठ्या पातेल्यातली आमटी दोन पातेल्यांत वाटली होती, बिनमिठाची डाळ आणि कढत पाणी ओतून जाळ वाढवला होता. भामाबाई हातात मिठाचा डबा घेऊन बाजूला उभी होती.

"आत्याबाई, तुमी घातलं व्हय मीठ?"

"मला वाटलं तू इसरलीस. मी नवरीचा शालू बघून आले, तर तू पुऱ्यांपाशी. म्हनलं समद्यांदेखत सुनंची चूक कशाला काढायची, गुमान घालावं."

सारिकानं सासूच्या हातातला डबा घेतला आणि स्वतःच्या मागं ठेवला. "चिंच आना," एवढंच म्हणाली.

मोटारसायकल आली. सोनबांनी स्वतःच्या हातानं टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, वाकून पाया पडले. टोपी एक माप मोठी होती, कानांवर टेकली. तरी आनंदराव बसेनात. फटीत अजून वाफ दिसत नव्हती.

"आता काय ऱ्हायलं?" सोनबा रडकुंडीला आले.

"आमटी गार झाली," आनंदराव म्हणाले. "गार आमटीवर वऱ्हाड जेववनार हाय का तुमी?"

यावर वराच्या चुलत्यांनीही मान डोलावली, कारण आमटी खरंच गार झाली होती. सोनबांनी हात जोडले आणि हुकूम सोडला, सगळे द्रोण उचला, नवे मांडा, गरम वाढा. वाढप्यांनी द्रोण उचलले. आडोशामागून पदर खोचलेली सारिका स्वतः बादली घेऊन आली. पहिली पळी आनंदरावांच्या द्रोणात पडली. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. बोट आमटीत गेलं.

चिंच एक बोटभर जास्त झाली होती. ते वेल्ह्याला गेल्यावर सांगता आलं असतं.

"बसा मंडळी," आनंदराव टोपी कानांवरून वर ढकलत बसले. "घ्या देवाचं नाव. किती उशीर करता."

त्या दिवशी भाताला कमी आणि आमटीला जास्त मागणी झाली. नदीपलीकडच्या दोघा-तिघांनी सारिकाचा मोबाईल नंबर घेतला. सोनबा भावकीत छाती काढून सांगत होते, की बाईचं काम आपणच हेरलं. आणि मांडवभर चर्चा एकच, टोपीसाठी पंगत अडवणारा तो म्हातारा कोण. तो उठून कधी गेला, कुणालाच दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा घेऊन आनंदरावांनाच गिरणीत यावं लागलं, कारण रतनबाईंनी साफ नकार दिला होता. धनाजीचा मेहुणा त्या लग्नात होता आणि त्यानं केलेल्या वर्णनावरून धनाजीनं माणूस ओळखला होता, तेव्हा बातमी आधीच बारीक दळून झाली होती. गिरणीत चार-पाच माणसं बसलेली. धनाजीच्या पोरीचं, सोनियाचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि तो कधीपासून आचारी शोधत होता, पण आत्ता त्याला त्याहून मोठं काम मिळालं होतं.

"या, मानकरी," धनाजी पट्टा थांबवून म्हणाला. "टोपी कुठाय? आजवर नुसतं फुकट जेवत व्हतात, ते आमी पोटात घातलं. आता लोकाच्या पोरीच्या लग्नात मानपानबी मागाय लागलात?"

माणसं हसली. आनंदरावांनी डबा वजनकाट्यावर ठेवला, झाकण काढलं, आणि म्हणाले,

"मागितला की. तुज्या सोनियाच्या लग्नातबी मागनार हाय. माज्या मापाची टोपी आत्ताच आनून ठेव. आन् पातेल्यापुढं वेल्ह्याच्या सारिकाला उभी कर, म्हंजे मला उगा रुसाय लागनार न्हाई."