सिस्टर आणि कुत्र्याच्या छत्र्या

"भीती घालू नका, माहिती घाला," असं म्हणून सिस्टर चष्मा काढायच्या आणि पदराने पुसत बसायच्या. तेवढ्यात समोरच्याने बोलावं, ही अपेक्षा. समोरचा अडखळला, तर काचा आणखी मळकट निघत आणि पुसणं लांबत जाई.

कापडगिरण्यांच्या शहरातल्या डिंडोली वस्तीत आमची घरं समोरासमोर. मी शाळामास्तर, त्या दवाखान्याच्या मनोरुग्ण विभागात परिचारिका. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे चहा मागावा लागत नाही आणि खोटं बोलायची सोय नसते.

एकदा त्यांच्या वॉर्डात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करणारा, सातपुड्यातल्या एका गावचा माणूस आला. भिंतीशी बोलायचा, घाबरून कॉटखाली शिरायचा. गावी गेला होता तेव्हा बाहेरची बाधा झाली, एवढंच घरचे सांगत. सिस्टर त्याच्या बायकोपाशी जमिनीवर बसल्या.

"पोलीस नई मी. त्यानी काय खादं, ते सांगी दे माय."

बाई रडायला लागली. शहरातली पोरं मोबाइलवर बघून डोंगरात नशेची अळंबी शोधत आली होती. त्यांना वाट दाखवायला हा गेला आणि त्यांच्यासोबत यानेही कुत्र्याच्या छत्र्या खाल्ल्या. पोलीस धरतील म्हणून घरात सगळे गप्प.

डॉक्टरांना दिशा मिळाली. माणूस हळूहळू सावरला. त्याला घरी सोडलं त्या दिवशी सिस्टर माझ्या दारात आल्या. "शनिवारी गाडी काढा. डोंगरात जायचंय." विचारलं नाही, सांगितलं.

त्या माणसाच्या गावात सिस्टरांनी लोकांना जमवलं. पहिल्याच बैठकीत सरपंच म्हणाले, "नशा करील त्याला दंड लावू."

"दंड लावलात तर लपवतील," सिस्टर म्हणाल्या. "लपवलं तर एखादा जाईल."

मग कोपऱ्यातले, गावात झाडपाला आणि बाधा बघणारे म्हातारे भगत उठले. "बाई, आमचं जुनं ज्ञान खोटं ठरवायला आलात का?"

मला वाटलं, आता गाडीकडे निघावं. सिस्टर मात्र सरकल्या आणि त्यांना शेजारी जागा करून दिली. "बाबा, तुम्ही आधी सांगा. तुमच्या लहानपणी अशा छत्र्या कोण खायचं?"

भगत बराच वेळ बोलले. मजेसाठी कोणी हात लावत नसे. एकट्याने तर कधीच नाही. "आणि ज्याचं मन आधीच हललेलं आहे, त्याला आम्ही जवळ फिरकू देत नव्हतो."

"ऐका," सिस्टर सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "दवाखान्यातही आम्ही हेच सांगतो."

तेव्हा एका तरुण सुनेने धीर करून विचारलं, "पण सिस्टर, परदेशात डॉक्टरच देतात म्हणे. उदासीवर."

"तपासून बघतायत, खरं आहे. पण तिथे मोजून देतात, जवळ जाणतं माणूस बसतं आणि कोणाला द्यायचं नाही, हे आधी ठरतं. इथे झाडाखाली काय उगवलंय, ते तुलाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. तशीच दिसणारी दुसरी छत्री लिव्हर खलास करते. कायदा पकडतो ते वेगळंच."

सून हसली. बायका पुढे सरकल्या. त्या दिवशी आमचं जेवण गावातच झालं.

बैठका चालू राहिल्या. पुढच्या पावसाळ्यात एक पाहुणा पोरगा छत्र्या खाऊन किंचाळत कड्याकडे धावला. लोकांनी त्याला धरलं. कोणी दोर आणला, कोणी मिरच्यांची धुरी पेटवली. त्या सुनेने धुरी विझवली. भगतांनी दोर काढून घेतला. बायका त्याच्यापाशी बसून हळू आवाजात बोलत राहिल्या. जीप येताच त्याला दवाखान्यात नेलं, सगळं खरं सांगितलं आणि उरलेल्या छत्र्या फडक्यात बांधून डॉक्टरांच्या हातात दिल्या. पोरगा वाचला.

सुनेचा फोन आला तेव्हा मी समोरच होतो. सिस्टर ऐकत राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "मास्तर, आता तिथे माझी गरज नाही." इतक्या खूश त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. आणि शनिवारी पुन्हा गाडीत येऊन बसल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या हृदयविकाराने गेल्या. तेराव्याला डोंगरातून भगत, ती सून आणि आणखी काही बायका आल्या. जेवणं आटोपली, मंडळी पांगायला लागली. तेव्हा आमच्या सोसायटीतली एक आई सुनेपाशी येऊन घुटमळली. तिचा कॉलेजातला मुलगा मित्रांबरोबर हिमालयात फिरून आला होता आणि तेव्हापासून झोपत नव्हता.

"सिस्टरना विचारणार होते," ती म्हणाली.

सुनेने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. बाहेर पडलेल्या आणखी दोघीतिघी आया परत आत आल्या. मी भगतांना म्हटलं, "बाबा, बस सुटेल तुमची."

भगतांनी बायकांकडे पाहिलं, पायात घातलेले जोडे काढले आणि पुन्हा आत जाऊन बसले.