मायचे नेमके शब्द

सोनपेठच्या स्टँडवर एसटी लागली होती. मी खिडकीत, खाली माय आणि भावजय सुमन. मायनं धपाट्यांचा डबा खिडकीतून आत दिला, काहीतरी बोलली, आणि गाडी हलली. मी मेलबर्नला लेकाकडं आले, अन् पुढच्याच वर्षी माय गेली. व्हिसाच्या भानगडीत मला पोचता आलं नाही.

इथं लायब्ररीत आम्हा म्हाताऱ्यांचा इंग्रजीचा क्लास असतो. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचून वाचून आलेलं, तेव्हा फुलस्टॉप-कॉमा कुणी शिकवलाच नव्हता. बोलताना तरी मी कुठं थांबते, तुम्हाला ठाऊकच आहे. ते जमलं हळूहळू. अडले ते दुसऱ्याच्या बोलण्याला दोन्हीकडून लावायच्या खुणांपाशी. घर सोडतानाचं लिहायचं होतं. मी लिहिलं, माय म्हणाली, लवकर ये. मॅडम म्हणाल्या, खुणा घाला, पण आत अगदी तिचेच शब्द हवेत.

हात थांबला. असंच म्हणाली होती का ती? लवकर ये तर सगळ्याच आया म्हणतात. तेव्हापासून जिवाला चैन नाही. डिशवॉशर लावताना तेच, ट्रामची वाट बघताना तेच. तिनं बोलावलं आणि मी गेले नाही, हे उराशी घेऊन बसलेली मी. आणि ती तसं बोललीच नसली तर?

शेवटी सुमनला फोन लावला.

"न्हाई हो आक्का. डबा बुडाला गरम हाय, मांडीवर ठिवू नको, एवढंच म्हणल्या सासूबाई. अन् तुमी ठिवलाच की मांडीवर. घरी येस्तोवर लय हसल्या."

"मला बरं वाटावं म्हणून सांगायलीस का?"

"मी कशाला बनवून सांगू? भाजलं न्हवतं का तुमाला?"

भाजलं होतं. परभणी येईपर्यंत डबा कधी या मांडीवर, कधी त्या.

दुसऱ्या दिवशी डब्याचं वाक्य खुणांच्या आत लिहिलं. लवकर ये खोडायला गेले, खोडवेना. मॅडमना विचारलं, हे कुणीच म्हटलं नव्हतं, ते कुठं लिहू? बाहेर राहू द्या, म्हणाल्या, ते तुमचं स्वतःचं आहे.

तिकडं राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, घर म्हटलं की मला अजून ते दोन शब्द ऐकू येतात. म्हणणारी मीच. लेकाला तिकीट बघायला सांगितलंय. तोच डबा घेऊन येते म्हटलं, तर सुमन म्हणाली, "रिकामा आणू नका."