आत्याचा डावा हात

माझी सही बघून गिऱ्हाईक विचारतं, "शेठ, पेन चालतंय का बघत हुता काय?" खत-बियाण्याच्या दुकानात दिवसभर बिलं फाडायची, तर सही अशीच होणार, अशी मी माझी समजूत घातली होती. आत्याची मात्र घालता आली नाही. ती आमच्या देवळाली प्रवरेच्या शाळेत शिकवायची आणि माझं नशीब असं की मी तिच्याच वर्गात. घरात आत्या, शाळेत बाई. एकदा वर्गात घाईने "आत्या, शू" म्हणालो, तर तिने पुन्हा नीट, "बाई, जाऊ का?" असं विचारायला लावलं. तोवर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी, पोळ्याच्या आदल्या दिवशी तिला अर्धांगाचा झटका आला. नगरच्या दवाखान्यातून ती स्वतःच्या पायांनी घरी आली, पण उजवा हात मांडीवर पडून राहायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या पिशवीसारखा. दसऱ्याला जेवताना मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय. काळजी करू नको, अंगठा चालतो."

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवावं लागतं. मी आपली सोय सांगत होतो. आत्याने डाव्या हातातला घास ताटात ठेवला.

"अंगठा मी देणार नाही."

मला कारण ठाऊक होतं, तरी बोलून बसलो होतो. तिच्या आईने रेशनकार्डाचा कागद समजून भलत्याच कागदावर अंगठा उठवला आणि माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडून दिला. नोकरी लागल्याबरोबर आत्याने शाळा सुटल्यावर गावातल्या बायका जमवल्या आणि त्यांना सही शिकवली. एकीलाही अंगठ्यावर राहू दिलं नाही.

"अगं, आता कलेक्टरसुद्धा मशीनवर अंगठा लावतात," मी म्हणालो.

"त्यांना सही येते. येत असताना लावला तर लावला. माझी बंद पडलीय, म्हणून मी लावणार नाही. पाटी आण."

मी मणी लावलेली, रंगीत प्लॅस्टिकची पाटी आणली. तिने ती तशीच परत पाठवली. शेवटी एका दुकानदाराने माळ्यावरून धूळ खाल्लेली दगडी पाटी काढून दिली.

मला वाटलं, आता सही गिरवेल. तिने रेघा काढायला घेतल्या. उभ्या, आडव्या, मग अर्धगोल.

"आत्या, नोव्हेंबर तोंडावर आलाय. सरळ सहीच गिरव ना."

"पहिलीत तूही असाच पळत होतास. म्हणून अजून तशीच सही करतोस."

मी दुकानात निघून गेलो.

शेजारी गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याच्या घरातली चाची राहते. आत्याकडे सही शिकलेल्या त्या पहिल्या बायकांतली ती. रोज दुपारी कापूस चिकटलेलं डोकं पदराने पुसत यायची आणि आत्यासमोर बसायची.

"बाई, ही रेघ वाकडी हाय."

"हात थरथरतो गं."

"माझा थरथरत न्हवता व्हय? तुमी काय म्हनायच्या? पुसा!"

आत्या पुसायची. इतकी वर्षं थांबून चाचीला ही संधी मिळाली होती, ती काय सोडते? दिवाळीच्या फराळाचं ताट घेऊन गेलो, तेव्हा दोघी शंकरपाळी खात एका वेलांटीवरून भांडत होत्या.

महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा आम्ही तिघं बँकेत गेलो. कारकून सभ्य होता. "आजी, अंगठा द्या, दोन मिनिटांत मोकळ्या," असं म्हणून त्याने मशीन पुढे सरकवलं. आत्याने ते परत सरकवलं आणि डाव्या हातात पेन धरलं.

पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्याला हात घसरला आणि रेघ चौकटीबाहेर गेली.

"चालतंय की," मी कुजबुजलो.

"दुसरा अर्ज द्या," ती कारकुनाला म्हणाली.

मागची रांग कुरकुरली. चाची वळली. "बाईंची सही चाललीय. घाई आसंल त्यानं अंगठा लावून घरी जावं."

दुसऱ्या अर्जावर तिन्ही शब्द उतरले. अक्षर मोठं होतं, जरा डावीकडे कललेलं, पण कुणालाही वाचता येईल असं. कारकुनाने संगणकात बघितलं आणि तो अवघडला. "आजी, जुन्या सहीशी जुळत नाही. नव्या सहीचं कार्ड भरावं लागेल. त्यावर तीन सह्या लागतील."

मी कपाळाला हात लावला. आत्याचा चेहरा मात्र खुलला. "तीनच?" असं विचारून तिने त्या एकेक करून केल्या. प्रत्येकीनंतर चाचीकडे बघितलं, चाचीने मान हलवली की मगच पुढची.

"आता ओळख देणाऱ्याची सही," कारकून मला म्हणाला. मी सवयीने पेन फिरवलं. आत्याने कार्ड जवळ ओढलं.

"हे काय आहे?"

"माझी सही."

"वाच."

मला वाचता येईना.

"यालाही दुसरं कार्ड द्या," आत्या म्हणाली. "माझ्या सह्या मी पुन्हा करते."

त्यानंतरचे दोन नोव्हेंबर तिने त्याच डाव्या सहीवर काढले. तिसरा यायच्या आत ती गेली. तिच्या मृत्यूच्या दाखल्याच्या अर्जावर मी सही केली, तेव्हा पूर्ण नाव लिहिलं, तीनही शब्द. आता खताच्या बिलावरही तसंच लिहितो. वेळ लागतो. परवा एक गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, "शेठ, उरका की, टेम्पो उभा हाय."

"थांब जरा," मी म्हणालो. दुसऱ्या शब्दाची वेलांटी वाकडी आली होती. मी ते बिल फाडलं आणि नवं घेतलं.