घरातलं दुसरं मलम

केमिस्टच्या माणसाने आणलेलं पाकीट ‘माझ्या कपाटात ठेवून द्या, मामा,’ असं जावयाने फोनवर बजावलं होतं. मी ते भाचीच्या हातात दिलं. चष्मा शोधण्याच्या भानगडीत निरोपच विसरलो. गुडगावात तेव्हा औषधंसुद्धा घरपोच यायला लागली होती, आणि सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन भाचीकडे राहायला आलेल्या मला दार उघडण्याचं खातं मिळालं होतं.

रुचिताने पाकीट फोडलं आणि नुसती बघत राहिली. ही पोरगी दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. भाजीवाल्याशी हिंदीत भांडते, माझ्याशी मराठीत, आणि दोन्हीकडे जिंकते. कॉल सेंटरमधली बिलंदर पोरं तिला वचकून असतात. आता ती ट्यूबवरचं नाव पुन्हा पुन्हा वाचत होती.

“कसलं औषध गं?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“गुप्तांगावरच्या चामखिळींचं, मामा. मीही हेच लावते.”

मी पंख्याकडे पाहू लागलो. ती मात्र सांगत गेली. लेडी डॉक्टरने तिला समजावलं होतं, की हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, पण महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं अंगात गपचूप बसून राहतो. तेव्हा कुणाकडून आला ते शोधत बसू नका, नवऱ्याला तपासायला घेऊन या. जावयाने, म्हणजे धैर्यशीलने, ‘मला काही नाही’ म्हणून हात झटकले. वर, ऑफिसात कोणाकोणात मिसळतेस ते आठव जरा, असंही सुनावलं. मग ती एकटीच जात राहिली. मलम सांगितलेल्या रात्रींनाच लावायचं, तेही चामखिळीपुरतं, चांगल्या कातडीला नाही. आधी आणि नंतर हात धुवायचे, सकाळी साबणाने ते धुऊन टाकायचं, आणि मलम अंगावर असताना जवळीक करायची नाही. धैर्यशील तर उपकार केल्यासारखा दुसऱ्या खोलीत झोपायला गेला होता.

संध्याकाळी जावई आला तो फेंगडा चालत. बॅडमिंटनने जांघ भरलीय, असं तो आठवडाभर सांगत होता आणि मी त्याला तेल चोळायचा सल्ला देत होतो. रुचिताने पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. मग सगळं बाहेर आलं. त्यालाही चामखिळी होत्या, तिच्या आधीपासून. तिचंच प्रिस्क्रिप्शन दाखवून त्याने आधीच एक ट्यूब मिळवली होती, आणि लवकर सुटका व्हावी म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ थापून ती संपवली होती; आजची दुसरी. कातडी पार सोलवटली होती.

ती ओरडली नाही. लावणं थांबव, पाण्याने हलकेच धू, उद्या डॉक्टरांना दाखव, एवढंच ऑफिसातल्या सुरात सांगितलं.

“मी घाबरलो होतो यार,” तो म्हणाला. “तू येशील ना बरोबर?”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. मीही गेलो मागोमाग. ती कणीक मळत होती, जरा जास्तच जोरात.

“जा गं उद्या त्याच्याबरोबर,” मी म्हटलं. “एकट्याला लाज वाटते त्याला.”

“मलाही वाटली होती.”