अक्कम्माची कवळी आणि विमानतळाचं दार

अक्कम्मा बिराजदार यांनी आमच्या गल्लीतली निम्मी पोरं न्हाऊमाखू घातली आहेत. पाटावर पाय लांब करून बसायचं, नडग्यांवर बाळ पालथं टाकायचं आणि तेलाच्या हातानं असं रगडायचं की बाळाच्या आईनं दुसऱ्या खोलीत जाऊन रडावं. माझी लेक ज्ञानदाही त्यांच्याच हातची. ती सगळी पोरं आता मोठी होऊन बँकेत, कोर्टात, कुठं कुठं बसतात. अक्कम्मा दिसल्या की ताडकन उठतात, कारण न उठणाऱ्याचं नाक त्या सगळ्यांदेखत चिमटीत धरतात. "ह्ये नाक मी वडून काडलंय. न्हायतर बटाटा हुता नुसता."

परवा ज्ञानदा मुंबईत बाळंतपण आटपून दवाखान्यातून तिथल्या तिच्या घरी गेली. मुलगा झाला, पण दिवस भरायच्या आधी, अगदी मुठीएवढा. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे, घरी न्या, अंघोळ घाला. घरी नेलं खरं, पण त्याला हात लावायचा धीर कुणाला होईना. फोनवर ज्ञानदा रडत होती. "आई, मला झोपच नाही. डोळा लागला की वाटतं, याला काही झालं. तू ये ना." आणि माझी तर ह्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनमुळे घरातून हलायची सोय नव्हती. मी नुसती देवघर ते स्वयंपाकघर फेऱ्या घालत होते. शेवटी तीच म्हणाली, "मग अक्कम्मांना पाठव. विमानानं. उद्याच."

अक्कम्मांना विचारलं तर त्या लुगड्याचा ओचा सावरत म्हणाल्या, "इमानात तेलाची बाटली न्हेऊ देत्यात न्हवं? मग चला की."

तेल मोठ्या बॅगेत गेलं. माझ्या जिवाला घोर होता तो ओळखपत्राचा. कुणी म्हणालं झेरॉक्स चालते, कुणी म्हणालं मुळीच चालत नाही. तिकिटावरचं नाव आधार कार्डावरच्या नावाशी मी इतक्यांदा ताडून पाहिलं की हे म्हणाले, "अगं, आता त्या कार्डावरची अक्षरं पुसतील." मूळ कार्ड मी स्वतः त्यांच्या पिशवीत घातलं. सोबतीला मतदानाचं कार्डही घातलं, पण त्यावरच्या फोटोत माणूस नव्हतंच, नुसता पदर होता.

एवढी काळजी करणाऱ्या मला एकच गोष्ट सुचली नाही. अक्कम्मांची नात सृष्टी ब्युटी पार्लरमध्ये काम करते.

सकाळी रिक्षा घेऊन त्यांच्या दारात गेले तर ओट्यावर एक बाई बसलेली. काळेभोर केस, कोरलेल्या भुवया, आणि तोंडात टिकलीएवढीही फट नसलेली पांढरीशुभ्र दातांची रांग. मी विचारलं, "अक्कम्मा आवरून झाल्या का?"

"ताई, म्याच हाय की!" ती बाई म्हणाली.

कवळी लग्नाकार्यात घालू म्हणून डब्यात तशीच जपून ठेवलेली होती, ती आज बाहेर निघाली होती. मी इतकी हसले, इतकी हसले, की रिक्षाचा दांडा धरून उभी राहिले. विमानतळाचा होटगी रोड येईपर्यंत हसतच होते. त्या हसण्यात जे दिसायला हवं होतं ते दिसलंच नाही.

ते दिसलं विमानतळाच्या दारावरच्या जवानाला. त्यानं तिकीट पाहिलं, कार्ड पाहिलं, मग अक्कम्मांकडे पाहिलं. कार्डावर पांढऱ्या केसांची, बोळक्या तोंडाची म्हातारी होती.

"ताई," तो अदबीनं म्हणाला, "हे तुमच्या आईचं कार्ड आहे. तुमचं स्वतःचं दाखवा."

अक्कम्मांच्या चेहऱ्यावर दिवाळी. कठड्याबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून त्या ओरडल्या, "ऐकलं का? ताई म्हनला मला!" मग त्याला, "परत म्हन की, बाळा."

"ताई, रांग थांबलीये."

"थांबू दे की. अजून कशी दिसते मी?"

मागचा सुटाबुटातला गृहस्थ म्हणाला, "मावशी, तुम्ही फार सुंदर दिसता, पण माझं विमान जाईल."

"मावशी न्हवं, ताई," अक्कम्मांनी त्याला दुरुस्त केलं आणि जवानाला दुसरं कार्ड दिलं. त्यानं त्यावरचा पदर पाहिला आणि हताशपणे परत केला.

मी कठड्यावरून अर्धी आत वाकले. "अक्कम्मा, कवळी काढा!"

"हितं? समद्या मानसांत?" त्यांचा चेहरा उतरला. "न्हाय काडनार. आज पयल्यांदा घातलीया."

"अहो, ज्ञानदा वाट बघतेय! पोर झोपलेली नाही!"

अक्कम्मांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग रांगेकडे पाठ केली, डोक्यावरून पदर भुवयांपर्यंत ओढला, तोंडाशी हात नेला. वळल्या तेव्हा गाल आत गेलेले, हनुवटी वर आलेली, आणि त्या बोळक्या तोंडानं त्या जवानाकडे बघून हसल्या.

रांगेत आधी खसखस पिकली, मग सगळेच खो खो हसले. जवानानं कार्ड त्यांच्या गालाशी धरलं. हसू आवरताना त्याची टोपी हलत होती. "झालं. जा आजी, आत जा."

"आता आजी झाले व्हय रं?" असं म्हणत त्या आत गेल्या, मूठ गच्च मिटून.

आज सकाळी ज्ञानदानं व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल उशीला टेकवून ठेवला. बाथरूममधून माझा नातू टाहो फोडत होता. इतक्याशा जिवात एवढा आवाज! त्यावर अक्कम्मांचा आवाज, "रड, रड! छाती भरू दे! आग बया, दम हाय की गड्यात!"

मी म्हटलं, "ज्ञानदा, ऐकतेस ना गं?"

मी पडद्यावर नीट पाहिलं. बाळ तिकडे घर डोक्यावर घेत होतं आणि माझी पोर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. मी फोन बंद केला नाही. श्वाससुद्धा हळू घेत बसून राहिले.